फौजी, गुरुजी, सरपंच : एका माणसाची तीन दप्तरे

प्रति,
मा. सरपंच व सदस्य, ग्रामपंचायत;
मा. अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती;
आणि गावोगावच्या आजी-माजी सैनिक संघटनांचे पदाधिकारी यांस,

विषय : फौज, शाळा आणि गावकी यांत आयुष्य घालवलेल्या माणसांची नोंद गावाच्या दप्तरी ठेवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

गावातले एखादे फौजी गुरुजी गेले की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. फेट्यातला फोटो, खाली ‘देशसेवक, आदर्श शिक्षक, माजी सरपंच’ आणि त्याखाली वीस-पंचवीस शोकाकुल तरुणांचे चेहरे. दहाव्याला नदीवर पाच-सहा भाषणे होतात, ‘अजातशत्रू’ प्रत्येकात येतोच. तेरावे झाले की तोच फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर पांघरला जातो. गुरुजी कोणत्या पलटणीत होते, शाळेत कधी रुजू झाले, सरपंच असताना कोणता ठराव कोणाच्या विरोधाला न जुमानता पास करून घेतला, यातले काहीच कुणी बोललेले नसते. बोलणार तरी कसे? ही माहिती तीन वेगवेगळ्या दप्तरांत पडलेली असते आणि ती तिन्ही एकत्र आणण्याचे काम कुणाचेच नसते. ते काम ग्रामपंचायतीने अंगावर घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र.

फौज, शाळा आणि सार्वजनिक काम एकाच आयुष्यात येणे ही आपल्याकडे नवलाई नाही. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. पलटणीतल्या मुलामुलींना शिकवणे ही तेव्हा रीतसर नेमणूक असे. गोपाळबाबा वलंगकर फौजेतून पेन्शनवर आले, दापोलीत राहून अस्पृश्यांच्या वतीने त्यांनी अर्ज-विनंत्या लिहिल्या आणि पुढे महाडच्या लोकल बोर्डावर बसले. कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात १९५३ मध्ये कोरियात भारतीय दलाचे प्रमुख होते, निवृत्तीनंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. जनरलची नोंद आपोआप राहते. हवालदार म्हणून पेन्शनवर येऊन चौथीच्या वर्गाला तीस वर्षे पाढे शिकवणाऱ्याची राहत नाही.

नोंद अर्धवट राहिली की काय होते ते आपल्याच वेशीवर दिसेल. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने सातारा, पुणे, रत्नागिरी या भागांत अनेक गावी संगमरवरी पाट्या लावल्या. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतके मेले, एवढाच मजकूर. नाव एकही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात, त्या युद्धात ४६ माणसे गमवावी लागली. हा आकडा सांगणारे शेकडो भेटतात, ४६ नावे म्हणून दाखवणारे किती भेटतील? आपल्या गावात अशी पाटी असेल तर तिच्यावरचा चुना आधी धुवा, पण ॲसिड लावू नका, ॲसिड संगमरवर खाते. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. महायुद्धांत मेलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मात्र तिथे नाव आणि बापाचे नाव असते, आडनाव बऱ्याचदा नसतेच. असले तर इंग्रज कारकुनाच्या कानाला आले तसे असते. म्हणून एकाच आडनावाची चार-पाच स्पेलिंगे करून शोधावी लागतात.

आता फौजेच्या कागदांकडे. घरात सहसा तीन गोष्टी सापडतात : डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, आणि पदके. डिस्चार्ज बुकात भरतीची आणि सुटण्याची तारीख, सुटण्याचे कारण, ट्रेड, फौजेतले शिक्षण आणि चारित्र्याचा शेरा असतो. ‘एक्झेम्प्लरी’ हा त्यातला सर्वांत वरचा शेरा. ओळखीची खूणही असते : उजव्या भुवईवर व्रण, डाव्या पोटरीवर तीळ. साठ वर्षांपूर्वीच्या माणसाचे इतके जवळून केलेले वर्णन दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदात मिळायचे नाही. पुस्तक हरवले असेल तर ज्या त्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावे लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला, सिग्नल्सचे जबलपूरला. फौजेतले मास्तर, म्हणजे आर्मी एज्युकेशन कोरवाले, पचमढीला. नौदलाचे मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला आणि हवाई दलाचे दिल्लीत सुब्रतो पार्कला. अर्ज जवळच्या वारसाच्या सहीने जावा. आर्मी नंबर, नाव, मूळ गाव-तालुका आणि भरतीचे साल लिहावे. पेन्शन न मिळालेल्या जुन्या सैनिकांची कागदपत्रे ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, पण ‘लाँग रोल’, म्हणजे भरती झालेल्यांची मूळ नोंदवही, कायम ठेवतात. तेव्हा ‘सर्व कागदपत्रे मिळावीत’ असे मोघम न लिहिता ‘लाँग रोलमधील नोंदीचा उतारा मिळावा’ असे लिहा. मोघम अर्जाला मोघम नकार येतो.

सर्वांत जास्त गोंधळ पलटणीच्या नावात होतो. घरचे सांगतात, ‘आजोबा काळी पाचवीत होते.’ फलकावर येते ‘५ मराठा’. काळी पाचवी हे २ मराठा लाइट इन्फंट्रीचे नाव. मुंबई लष्करातल्या जुन्या पाचव्या पलटणीपासून ते चालत आले. त्यात भर म्हणजे १९२२ नंतर अख्ख्या मराठा रेजिमेंटलाच ५ हा क्रमांक होता. जुन्या कागदावर ‘३/५’ दिसले तर पलटण तिसरी, रेजिमेंट पाचवी असे वाचायचे. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, ज्यांना १० जुलै १९४४ च्या इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते ३/५ चे. तोच क्रॉस मिळालेले निमजचे नामदेव जाधव १/५ चे. घाडग्यांची ती तिसरी पलटण पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि १९५२ साली २ पॅरा झाली. त्यामुळे १९५० चा मराठा १९५५ च्या कागदावर पॅरा दिसतो. दोन माणसे समजून दोन नोंदी करू नका.

हुद्द्याचेही तसेच. १९६५ पर्यंत नायब सुभेदाराला जमादार म्हणत. पोलिसांतला जमादार वेगळा, पण हा फरक माहीत नसल्याने नातवंडे तो शब्द गाळतात किंवा ‘सुभेदार’ करून टाकतात. निवृत्तीच्या सुमारास मिळालेला हुद्दा ‘ऑनररी कॅप्टन’ असा पूर्ण लिहावा; त्यात कमीपणा नाही, उलट शिपायापासून चढत तिथवर जाणारे थोडेच असतात. शिक्षकांच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. एनसीसी चालवणाऱ्या प्राध्यापकांना लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर हे एनसीसीचे हुद्दे मिळतात, हायस्कुलातल्यांना थर्ड ऑफिसर ते चीफ ऑफिसर. गावात दोघेही ‘कॅप्टनसाहेब’. नोंद करताना हुद्दा फौजेचा, टेरिटोरियल आर्मीचा की एनसीसीचा, ते लिहाच. तिन्ही मानाचेच आहेत, पण एकाचे दुसऱ्याच्या नावावर टाकले की जाणकार माणूस पूर्ण फलकच संशयाने वाचू लागतो.

पदके हा बोलका कागद. स्वतंत्र भारताच्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेले असते. पदक पितांबरीने किंवा चिंचेने घासून लखलखीत करण्याची आपल्याकडे हौस फार, आणि त्यातच ती अक्षरे झिजतात. घासू नका. टॉर्च बाजूने तिरपा धरा, सावलीत अक्षरे उठून दिसतात, तेव्हा फोटो काढा. पदकावरून माणूस कुठे होता तेही कळते : ‘पूर्वी स्टार’ असेल तर १९७१ ला पूर्वेकडे, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेकडे, ‘समर सेवा स्टार’ असेल तर १९६५ च्या लढाईत. मात्र संग्राम मेडल आणि रक्षा मेडल ही शौर्यपदके नव्हेत. त्या त्या काळात जे सेवेत होते त्यांना ती मिळाली. शौर्यपदक असेल तर भारताच्या राजपत्रात नावासह प्रसिद्धी असते. ती सापडल्याशिवाय ‘शौर्यपदक विजेते’ हे शब्द दगडात घालू नका. एकदा कोरलेले खोडायला कोणी येत नाही, आणि ज्याने आयुष्यात खोटा शब्द उच्चारला नाही त्याच्या नावावर खोटे कायमचे बसते.

दुसरे दप्तर शाळेचे. इथे पहिली चूक ठरलेली : ‘१९५४ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू.’ जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या. त्याआधी मुंबई राज्याच्या भागात प्राथमिक शाळा स्कूल बोर्डाकडे होत्या, विदर्भात आणि हैदराबाद संस्थानातल्या मराठवाड्यात व्यवस्था आणखी निराळी. तेव्हाचे शिक्षक ‘फायनल’ पास, म्हणजे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल, आणि मग ज्युनिअर किंवा सिनिअर पीटीसी, म्हणजे प्राथमिक शिक्षकाचे प्रशिक्षण. ‘शिक्षण : सातवी’ एवढेच लिहिले तर आजचा वाचक हसतो; ‘व्ह. फा., सिनिअर पीटीसी’ लिहिले तर त्या काळचा अर्थ राहतो. नेमणुकीच्या तारखा सेवापुस्तकात मिळतात. ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे असते, आणि निवृत्तीला बरीच वर्षे झाली असतील तर वारसाने स्वतः जाऊन पाठपुरावा करावा लागतो. ते नाहीच मिळाले तर शाळेतले शेरेबुक पाहा. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने लिहिलेले चार ओळींचे शेरे त्यात असतात : पटावर किती, हजर किती, कोणत्या इयत्तेचे गणित कच्चे, परसबाग कशी. मुख्याध्यापकांच्या सह्या सलग वाचत गेले की कोण कधी आला, कधी गेला ते आपोआप लागते. जनरल रजिस्टरमधले अक्षरही ओळखू येते, एकाचा काना सरळ, दुसऱ्याचा पुढे झुकलेला.

फौज आणि शाळा यांच्या तारखा जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. समजा एक जण १९५१ ला बेळगावला भरती झाला, १९५८ ला गावी आला, १९५९ ला शिक्षक झाला आणि १९६२ च्या हिवाळ्यात शाळेच्या हजेरीवरून गायब झाला. लोक म्हणतात, सेवापुस्तकात घोळ आहे. घोळ नसतो. पूर्वी पुष्कळांची भरती काही वर्षे पलटणीत आणि उरलेली वर्षे रिझर्व्हला अशी होई, सात आणि आठ हा त्यातला ओळखीचा हिशेब. रिझर्व्हवाल्याला आणीबाणीत परत बोलावले जाई. ऑक्टोबर १९६२ ला आणीबाणी लागली. शाळेतली ती मोकळी जागा म्हणजे त्याची दुसऱ्यांदा बजावलेली फौजेची नोकरी, आणि त्या दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय ती कुणालाच दिसत नाही.

जन्मतारखेचा घोळ मात्र खरा असतो. आपल्याकडे एका पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मले आहेत, कारण शाळा जूनला उघडत आणि पालकाला तारीख ठाऊक नसली की मास्तर १ जून टाकून मोकळे होत. भरतीच्या वेळी वय पुढेमागे केले ते वेगळेच. दोन कागदांवर दोन तारखा असतील तर दोन्ही लिहा, कोणती कुठली ते नमूद करा. निवाडा करत बसू नका.

तिसरे दप्तर आपल्याच कपाटात आहे. मासिक सभेची आणि ग्रामसभेची प्रोसिडिंग बुके, सोसायटीची इतिवृत्ते. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाची जागा कुणी सुचवली, शाळेच्या दोन खोल्यांना जमीन कुणी दिली, दलित वस्तीच्या नळाला कोण आडवे आले आणि कोण उभे राहिले, हे सूचक-अनुमोदकांच्या नावांसह तिथे लिहिलेले आहे. माजी सरपंचाची खरी ओळख या ठरावांत असते, फ्लेक्सवरच्या विशेषणांत नसते. ही बुके खालच्या फळीवर असतात, पावसाळ्यात भिंतीची ओल तिथेच येते. वरच्या फळीवर न्या, रद्दीच्या कागदांऐवजी सुती कापडात गुंडाळा, आणि कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर पुस्तकाच्या आत ठेवू नका, पानांवर डाग पडतात.

माणूस हयात असेल तर कागदांआधी त्याच्याशी बोला. सकाळी दहाच्या सुमारास, चाळीस मिनिटे, जास्त नको. पंखा बंद करा. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचा आवाज माणसापेक्षा मोठा येतो. मोबाइल हातभर अंतरावर, टेबलावर घडी घातलेल्या टॉवेलवर. ‘कोणत्या साली?’ असे विचारले की ऐंशी वर्षांचा माणूस अडखळतो आणि मग तोंडाला येईल ते साल सांगतो. त्याऐवजी विचारा : पानशेत फुटले तेव्हा कुठे होता? कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे कोणत्या गावी होता? पानशेत १२ जुलै १९६१, कोयना ११ डिसेंबर १९६७. ‘तेव्हा मी बदलीवर होतो, शाळा मारुतीच्या देवळात भरायची’ असे उत्तर आले की तारीख बांधली गेली. स्त्रियांना हेच ‘थोरला झाला तेव्हा’ असे विचारले की महिन्यासकट सापडते. कारभारणीला वेगळे बसवून विचारा. सात वर्षे मनीऑर्डर कोण घेत होते आणि शेत कोण करत होते हे तिलाच माहीत असते, आणि नवऱ्यासमोर ती ‘मला काय कळतंय त्यातलं’ एवढेच म्हणते.

कागदांबद्दल कळकळीची विनंती : लॅमिनेशन करू नका. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे वीस-तीस रुपयांत होते, आणि मूळ कागद कायमचा वितळलेल्या प्लास्टिकमध्ये अडकतो. शाई फुटली, बुरशी धरली तरी काही करता येत नाही. सेलोटेपही नको, तो पिवळा पडून कागद खातो. टाचण्या आणि स्टेपल काढा, कोकणात तर दोन पावसाळ्यांत गंजाचे भोक पडते. कागदांचे स्कॅन ३०० डीपीआयने, फोटोंचे ६०० ने, दोन्ही रंगीत, कागद काळापांढरा असला तरी. शिक्क्याची जांभळी शाई तेवढ्यानेच वाचता येते. स्कॅनर नसेल तर ओसरीत, उन्हात नव्हे तर उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल कागदाला समांतर धरून फोटो काढा. फोटोची मागची बाजूही काढा, स्टुडिओच्या शिक्क्यावरून छावणीचे गाव कळते. फोटोमागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उठतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरे धूसर होतात. मूळ कागद कुटुंबाकडेच राहू द्या. ग्रामपंचायतीने ‘जमा’ करून घेतलेली किती पेन्शनबुके परत गेली आहेत याचा हिशेब कुणी मागितला तर पंचाईत होईल.

फलक करायचाच असेल तर दोन गोष्टी. रंगवलेली अक्षरे तीन पावसाळ्यांत जातात, ग्रॅनाइटमध्ये कोरलेली टिकतात. आणि कोरण्याआधी पूर्ण मजकूर कागदावर छापून घरच्या एका आणि बाहेरच्या एका माणसाने सही करावी. कोरणारा कारागीर परप्रांतातला असला की र्‍हस्व-दीर्घाचा आणि ‘ळ’चा भरवसा धरू नये. नावे भरतीच्या किंवा रुजू होण्याच्या सालाने लावा. हुद्द्याने लावली की भांडणे, आणि वर्गणीने लावली तर त्याहून मोठी. पीपीओ नंबर, आधार, बँक खाते, आजारपणामुळे सुटल्याचा तपशील यांतले काहीही फलकावर, वहीच्या खुल्या पानावर किंवा गावाच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका.

आणि यादी करताना गावठाणाबाहेर बघा. १९१७ ला उभी राहिलेली १११ महार पलटण १९२१ ला मोडली, पुन्हा महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली. त्या दोन्ही वेळी ज्या वस्त्यांतून माणसे गेली त्यांची नावे गावच्या याद्यांत कमीच सापडतात. वाड्या, वस्त्या, धरणात गाव गेल्यामुळे पुनर्वसित झालेली कुटुंबे, मिलिटरी नर्सिंगमध्ये गेलेल्या मुली, लग्नानंतर आडनाव बदललेल्या शिक्षिका, हेही गावचेच.

सुरुवात सोपी आहे. घरपट्टीतल्या सवलतीसाठी माजी सैनिकांनी आणि त्यांच्या पत्नींनी दिलेले अर्ज ग्रामपंचायतीकडे आहेतच, ती झाली पहिली यादी. शाळेतला मुख्याध्यापकांच्या नावांचा बोर्ड ही दुसरी, आणि सरपंचांच्या नावांचा बोर्ड तिसरी. तिन्ही समोरासमोर ठेवा आणि दोन किंवा तीन ठिकाणी येणाऱ्या नावांवर खूण करा. येत्या ग्रामसभेत एवढाच ठराव घ्या : ‘गावातील हयात व दिवंगत माजी सैनिक, शिक्षक व लोकप्रतिनिधी यांची नोंदवही ठेवण्यात यावी, प्रत्येक नोंदीसमोर आधारभूत कागदाचा उल्लेख असावा, व वही मागणी केल्यास कार्यालयात पाहण्यास मिळावी.’ वही जाड पुठ्ठ्याची, पाने छापील क्रमांकाची, एका माणसाला दोन पाने. डावीकडे माहिती, उजवीकडे ती कशावरून घेतली ते. नोंदी आडनावाच्या क्रमाने किंवा वॉर्डावॉर्डाने घेत जाऊ नका. ज्या घरातला माणूस वयाने सर्वांत मोठा, त्याच्या घरी आधी जा.

आपले नम्र,
गावोगावची अशी कागदपत्रे लावून देणारे काही जण